मुख्यालयी राहतात

गोजरबाईला एक सही करायला सव्वा मिनिट लागतं. आधी ती चष्मा पदराला पुसते, मग पेन झटकते, शाई येत असली तरी झटकते, आणि ओठ घट्ट मिटून 'गो'पासून सुरुवात करते. 'ज' तिला कधी धड वळला नाही. तिथं ती थांबते, दम खाते, पुढं जाते. पंचेचाळिशीत बचत गटाच्या ताईनं तिला नाव लिहायला शिकवलं. त्याआधी अंगठाच होता, आणि अंगठ्याविषयी तिचं मत पक्कं आहे. "अंगठा झोपल्या माणसाचा बी उठवून घेता येतो," ती म्हणते, "सही जाग्या माणसाची असती."

हिवरगव्हाण पाचोडपासून चौदा किलोमीटर आत. मध्ये रस्ता आहे, असं कागद म्हणतो. चार वर्षांपूर्वी तिथलं सरपंचपद राखीव निघालं आणि भीमनगरातली गोजरबाई खुर्चीवर बसली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचलेली बाई. गावच्या पुढाऱ्यांना हायसं वाटलं. गरीब गाय आहे, दाखवू तिथं सही करील! गाय निघाली खरी, पण मारकी. पहिल्याच बैठकीत ग्रामसेवकानं सात कागद पुढं सरकवले, तर ही म्हणाली, "वाचा."

"नेहमीचेच आहेत हो, सरपंचबाई."

"मंग तर तुमाला वाचायला सोपं जाईल."

तेव्हापासून त्या कचेरीत मोठ्यानं वाचल्याशिवाय कागदावर सही होत नाही. उपसरपंच आप्पासाहेबांना हे फार जड गेलं. त्यांच्या आजोबांनी गाव चालवलं, वडिलांनी चालवलं. खुर्ची कुणाचीही असो, लगाम आपल्या हाती, अशी त्यांची समजूत. पण वाचायला नाही कसं म्हणणार? बसायचे बिचारे जांभया देत.

एवढी जागी बाई, आणि तीच एका शब्दाला फसली. लोक हसतात या गोष्टीला. मला काही हसू येत नाही.

गावाबाहेर आरोग्य उपकेंद्र आहे. पुढं तपासणीची खोली, मागं सिस्टरनं राहावं म्हणून दोन खोल्यांचं क्वार्टर. सिस्टर म्हणजे रत्नमालाबाई. मंगळवारी लसीकरणाला यायच्या, हात हलका, बोलणं गोड, लेकरं त्यांच्या सुईला रडायची नाहीत. मंगळवार सरला की दाराला कुलूप आणि कुलपावर पाटी, 'फिरतीवर'. गावातली पोरं म्हणायची, आपली सिस्टर पृथ्वीला चक्कर मारून पुढल्या मंगळवारी हजर होते. सिस्टरची फिरती कुठवर असते ते सगळ्यांना ठाऊक होतं. संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यात, त्यांच्या घरापर्यंत.

दर वर्षी एप्रिलात सिस्टरसाठी एक दाखला द्यावा लागे. ग्रामसेवक वाचायचा, "श्रीमती रत्नमाला, आरोग्य सेविका, या मुख्यालयी राहतात, असा दाखला देण्यात येतो." गोजरबाई ऐकायची, मनाशी ताडून बघायची. खरंच आहे की, यात खोटं काय? आणि सव्वा मिनिट लावून सही करायची. तिथं गफलत झाली, ती कळायला तीन वर्षं गेली.

गेल्या पौषातली गोष्ट. गोजरबाईची सून करुणा आठव्या महिन्यात होती. मुलगा राजेंद्र शेंद्र्याला कंपनीत, चौघांत एक खोली, रविवारी घरी. त्या गुरुवारी सकाळी करुणाचं डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. पाय इतके सुजले की चपला चढेनात. गोजरबाई आणि तिचा नवरा मोतीराम, दोघांनी तिला धरून उपकेंद्रावर नेलं. अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, सरकारी सुट्टी नव्हती. कुलूप होतं आणि पाटी होती.

आपे रिक्षा मिळवून पाचोडच्या दवाखान्याच्या वाटेला लागले. निम्म्या वाटेत करुणाला झटके आले. डॉक्टरांनी तिला वाचवलं, लेकरू वाचलं नाही. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस आधी कुणी बीपी मोजला असता तरी कळलं असतं." मोजायचं मशीन उपकेंद्राच्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली उस्मानपुऱ्यात होती.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गोजरबाई तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात जाऊन उभी राहिली. साहेब तरुण होता. पाणी दिलं, बसा म्हणाला, सगळं ऐकून घेतलं. मग फाईल उघडून तीन कागद तिच्यापुढं ठेवले.

"ही सही तुमची?"

"माजीच." 'ज' लांबूनही ओळखू येत होता.

"यात लिहिलंय, सिस्टर मुख्यालयी राहतात. तुम्हीच लिहून देता आणि तुम्हीच तक्रार करता, त्या गावात राहत नाहीत म्हणून?"

"मंग त्यात खोटं काय हाय?" गोजरबाई म्हणाली. "ऱ्हातात की मुख्यालयी. उस्मानपुऱ्यात ऱ्हातात. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवर गेल्ते, तव्हा म्या त्यांच्या घरी च्या पेलेय."

क्षणभर कुणाला उलगडा होईना. मग कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला आणि बघता बघता अख्खं कार्यालय हसलं. साहेब तेवढा हसला नाही. त्यानं सावकाश सांगितलं, "मावशी, मुख्यालय म्हणजे जिथं नेमणूक असते ते गाव. सिस्टरचं मुख्यालय हिवरगव्हाण. उस्मानपुरा नव्हे."

गोजरबाईनं आजवर मुख्यालय हा शब्द ऐकला होता तो भाषणांत. जिल्ह्याचं मुख्यालय म्हणजे संभाजीनगर. जिथं कलेक्टर बसतो, मोठा दवाखाना असतो, रात्रभर दिवे असतात, ते मुख्यालय. आपलं चिखलाचं गाव कुणाचं मुख्यालय असेल, हे तिच्याच काय, दाखला ऐकायला बसलेल्या एकाही पंचाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

"आता माझे हात बांधलेत," साहेब म्हणाला. "कागद बघितला तर त्या गुरुवारी सिस्टर तुमच्या गावातच राहत होत्या. तुमच्या सहीनं."

घरी आल्यावर मोतीरामनं तांब्या पुढं केला. "राजूची माय, तुजा गुन्हा नाय. तुला शबुद कळला नाय, बास."

"सही माजी हाय ना?" ती म्हणाली. "म्या वाचून घेतलं. इचारून नाय घेतलं. नातवाच्या वाटंत म्याच कुलूप लावलं." त्या दिवशी ती ढसाढसा रडली. लग्न होऊन आल्यापासून मोतीरामनं तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मग तोंड धुऊन तिनं भाकरी थापल्या.

फाल्गुनात कळलं, करुणाला पुन्हा दिवस गेलेत. एवढ्यात नको होतं, डॉक्टरही रागावले, पण आता इलाज नव्हता. त्यांनी बजावलं, पाचव्या महिन्यापासून आठवड्याला बीपी मोजायचा, शेवटी शेवटी एक दिवसाआड, आणि वाढला तर घटकाभरही थांबायचं नाही. घरी येताना करुणानं सासूचा हात धरला. पोर हसणंच विसरली होती. "आत्याबाई, या बारीला तरी सिस्टर असंल का वं?"

"असंल," गोजरबाई म्हणाली. म्हणाली खरं, पण आणायची कुठून?

एप्रिल उजाडला आणि सिस्टर दाखल्याला आल्या. नेहमीप्रमाणं हसत. ग्रामसेवकानं वाचायला तोंड उघडलं तसा गोजरबाईनं हात वर केला.

"या बारीला नाय."

सिस्टरचा चेहरा उतरला. "मावशी, दाखला नसेल तर माझा घरभाडे भत्ता थांबतो. चौकशी लागते."

"लागू द्या. आमच्यात लेकरू गेलं."

"मला ठाऊक आहे हो!" सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या दिवशी मी माझ्या लेकीच्या, सायलीच्या शाळेत पालकसभेला होते. तेव्हापासून धड झोप नाही मला. पण मी राहू कुठं? तुम्ही कधी ते क्वार्टर बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. ही मात्र गोजरबाईला चपराक होती, कारण सरपंच तीच होती. ती तशीच उठली आणि सिस्टरला घेऊन निघाली. क्वार्टरचं दार वाळवीनं खाल्लेलं, बोट लावलं तर भुगा. नळाला पाणी नाही. संडासाला दारच नाही, वर पत्रा नाही. मागच्या खोलीत कुणीतरी कडबा रचून ठेवला होता. चौकशी केली तर कडबा आप्पासाहेबांचा.

"इथं म्या बी नसते ऱ्हायले," गोजरबाई म्हणाली. "सिस्टर, घर म्या देते. दार, पाणी, संडास, समदं. पर घर झालं की ऱ्हायला यायचं. मधला मारग नाय."

"आणि दाखला?"

"या वर्साचा नाय. आन् मागचे तीन म्या परत घेनार हाये."

सिस्टर रागारागानं स्कूटीवर बसून गेल्या. ग्रामसेवक दोन दिवस गोजरबाईला दिसलाच नाही.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत खरी जुंपली. गावाच्या निधीतून यंदा वेशीवर कमान उभी राहायची होती. सिमेंटची, रंगीत, वर आप्पासाहेबांच्या वडिलांचं नाव. आता गावात शिरायला कमान लागते का? बैलाला लागत नाही, माणसाला लागत नाही, पण शेजारच्या गावानं बांधली म्हणजे आपल्याला हवीच. गोजरबाई उठली आणि म्हणाली, कमान राहू द्या, आधी क्वार्टर.

"कमानीचा ठराव झालेला आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"मंग दुसरा करू. कमानीखालून मयत नेन्यापरीस क्वार्टरात बाळंतीन वाचवू."

करुणाचं लेकरू नेलं तेव्हा निम्मं गाव मागं होतं. बायकांच्या बाजूला पहिला हात वर गेला तो दगडाबाईचा, आप्पासाहेबांच्या सख्ख्या चुलतीचा. चुलतीचा हात वर बघून आप्पासाहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग हात उठत गेले.

ते झाल्यावर गोजरबाईनं दुसरा विषय काढला. "आजून एक हाय. म्या तीन साल खोटा दाखला दिला. मुख्यालय म्हंजी शहर, आसं मला वाटलं. मुख्यालय म्हंजी आपलं गाव. तसं लिवून देनार हाये."

आप्पासाहेब तिच्याजवळ येऊन हळू बोलले. या वेळी त्यांच्या बोलण्यात कावा नव्हता, काळजीच होती. "गोजरबाई, येड्या व्हऊ नका. खोटा दाखला दिला असं सरपंचानंच लिवून दिलं तर आधी सरपंचकी जाती. नवा देऊ नका, पर जुनं कशाला उकरता?"

"जुन्या कागदात सिस्टर त्या गुरुवारी गावात ऱ्हातात, आप्पासाहेब. तो कागद तसाच ठिवला तर उद्या बी साहेब म्हननार, समदं ठीक हाये. मंग करुनाला घिऊन म्या परत कुलपापुढं उभी ऱ्हाऊ का?"

"सरपंचकी पुन्हा मिळत नसती."

"नातू बी मिळत नसतो," ती म्हणाली.

पत्र ग्रामसेवकानं लिहिलं, रडतकढत, कारण दाखल्यांवर शिक्का त्याचाही होता. या वेळी गोजरबाईनं एकेक शब्द अडवून अर्थ विचारला. 'सबब' म्हणजे काय, 'निदर्शनास' म्हणजे काय, 'उपरोक्त' कशाला घातलंय. बारा ओळींच्या पत्राला अख्खी दुपार गेली.

पत्र गेलं आणि सरकार एकदम जागं झालं. सिस्टरचा भत्ता थांबला, त्यांना नोटीस आली, ग्रामसेवकाला आली आणि सरपंचबाईलाही आली. गोजरबाईनं ती वाचून घेतली, घडी घातली आणि क्वार्टरवर गेली, कारण गवंडी दारापाशी विडी ओढत बसला होता. त्या दोन महिन्यांत तिनं गवंड्याला, प्लंबरला, सुताराला जिणं नकोसं केलं. पाईप आले तर तोट्या नाहीत, तोट्या आल्या तर माणूस नाही. सुतार पाचोडच्या बाजारात लपला तर बाजारातून धरून आणला. आप्पासाहेबांचा कडबा तिनं स्वतः डोक्यावर वाहून त्यांच्या अंगणात नेऊन टाकला. तिसऱ्या खेपेला आप्पासाहेबांनीच बैलगाडी पाठवली.

आषाढात सिस्टर आल्या. सोबत एक पत्र्याची पेटी, गॅसची टाकी आणि फुगलेलं तोंड. सायलीला दहावी होईपर्यंत शहरात तिच्या मावशीकडं ठेवलं होतं. लेकीला सोडून आलेली बाई ती, गोड कशी बोलेल? पहिले पंधरा दिवस सिस्टर आणि गोजरबाई यांच्यात 'कपाट उघडा' आणि 'उघडलं' याच्यापलीकडं भाषण नव्हतं. पण करुणाचा बीपी मात्र दर सोमवारी मोजला गेला आणि वहीत लिहिला गेला. दवंडी दिली नव्हती, तरी हळूहळू बायका येऊ लागल्या. कुणाला ताप, कुणाला अंगावरून जाणं, कुणी उगाच, दार उघडं आहे ते बघायला. संध्याकाळी सिस्टर ओट्यावर बसून सायलीशी फोनवर बोलायच्या. एकदा बोलणं संपल्यावर त्या रडत होत्या. गोजरबाई शेजारी जाऊन बसली, आणि तेव्हापासून दोघींचं सूत जमलं.

चौकशीची तारीख निघाली दिवाळीच्या आधी, जिल्हा परिषदेत, शहरात. करुणाला डॉक्टरांनी दिलेली तारीख आठ दिवसांवर होती. बीपी थोडा वर होता, गोळी चालू होती. गोजरबाईचा पाय घरातून निघेना. तारखेला गेलं नाही तर पत्र खोटं ठरणार, गेलं तर सून मागं राहणार. पहाटेच्या एसटीआधी ती क्वार्टरच्या दारात उभी राहिली. "सिस्टर, म्या चालले. पोर तुमच्या हवाली."

"जा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "मी आहे."

जिल्हा परिषदेत तिला दुपारी चारपर्यंत बाकावर बसवलं. मग आत बोलावलं. टेबलापलीकडं तीन साहेब होते, मधला वयस्कर.

"तीन वर्षं खोटे दाखले दिले, हे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल हाय."

"शब्दाचा अर्थ कळला नाही म्हणता. सरपंचाला एवढंही कळू नये?"

"नाय कळलं, साहेब," ती म्हणाली. "आमाला वाटलं, जिथं मोठी मानसं ऱ्हातात ते मुख्यालय. आमचं गाव बी कुनाचं तरी मुख्यालय हाये, हे आजवर कुनी आमाला सांगितलंच नाय. तुमच्या सिस्टरनं नाय, डॉक्टरनं नाय, मास्तरनं नाय. त्याहिला तरी ठावं व्हतं का, इचारा."

मधल्यानं घसा साफ केला. "तुमच्यावर कारवाई होऊ शकते. पद जाऊ शकतं. काही म्हणायचंय?"

ती काही बोलणार तेवढ्यात पदराच्या गाठीतला फोन वाजला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. गोजरबाईनं फोनवर मोतीरामचं नाव ओळखलं आणि कुणाला न विचारता कानाला लावला. पलीकडं मोतीराम एका दमात बोलत होता. सकाळी आठला करुणाचं डोकं उठलं. तिला घेऊन उपकेंद्रावर गेलो तर दार उघडं. सिस्टरनं बीपी बघितला, लई चढला होता, लगेच झटक्यांची इंजेक्शनं दिली, एकशे आठची गाडी बोलावली आणि स्वतः तिच्यासोबत आत बसल्या, पार पाचोडपर्यंत. ऑपरेशन झालं. मुलगी झाली.

"मला कामून नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तारीख सोडून आली असतीस."

"लेकरू रडलं का?"

"आजून रडतंय. ऐक."

तिनं ऐकलं. फोनचा आवाज मोठा होता, त्या शांत खोलीत तिन्ही साहेबांनीही ऐकलं. "करुना?" तिनं विचारलं. "शुद्धीत हाय. तुलाच इचारती."

गोजरबाईनं फोन टेबलावर ठेवला. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. घाई केली नाही. मग मधल्या साहेबाकडं सरळ बघून म्हणाली, "माज्याबद्दल काय लिवायचं ते लिवा, साहेब. पर आजची तारीख घालून आजून एक वळ लिवा. सकाळी आठ वाजता माज्या सुनंचा जीव चालला व्हता. म्या गावात नव्हते. सिस्टर व्हत्या."